दाताच्या नावावर खपवलेला ताप

आठ-नऊ महिन्यांचं बाळ तापलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “काही नाही गं, दात येतायत.” जुलाब लागले, उलटी झाली, बाळानं रात्रभर किरकिर केली, कान ओढला, खाणं सोडलं, तरी वाक्य तेच. सांगणारी आजी असते, शेजारच्या काकू असतात, औषधाच्या दुकानातला माणूस असतो. कधीकधी डॉक्टरही असतात, आणि त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. घाबरलेल्या आईला धीर यावा म्हणूनच बहुतेक जण असं म्हणतात, हे मला मान्य आहे. पण वाक्य चुकीचं आहे आणि ते मुलांच्या जिवावर बेततं. त्याच्या बाजूनं जे जे बोललं जातं त्यातलं काहीच तपासाला उतरत नाही.

आधी दात येतात कसे ते पाहू. दाताची सुरुवात सहाव्या महिन्यात होत नाही, आईच्या पोटात होते. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना दुधाच्या दातांचे अंकुर धरू लागतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास ते कठीण व्हायला लागतात. जन्माच्या वेळी वीसही दात जबड्यात तयार होत असतात. मग खालचे मधले दोन पटाशीचे दात साधारण सहा ते दहा महिन्यांत दिसतात, वरचे मधले आठ ते बारा महिन्यांत, त्यांच्या शेजारचे नऊ ते सोळा महिन्यांत. पहिल्या दाढा तेरा ते एकोणीस महिन्यांत येतात, सुळे सोळा ते तेवीस महिन्यांत, आणि शेवटच्या चार दाढा तेवीस ते तेहतीस महिन्यांत. या आकड्यांना ताणायला भरपूर जागा आहे. कुणाला चौथ्या महिन्यात दात दिसतो, कुणाला वाढदिवसापर्यंत वाट पाहावी लागते. क्रमही मागेपुढे होतो. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं ही समजूत अजून कित्येक घरांत जिवंत आहे. तिच्यामुळे मामाला काही होत नाही, पण बाळाच्या आईला मात्र विनाकारण ऐकून घ्यावं लागतं.

दात हिरडी फाडून, मांस चिरून वर येतो असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. एवढी जखम म्हटल्यावर ताप येणारच, असं त्यावरून वाटतं. प्रत्यक्षात दाताभोवतीचं आवरण वरच्या हाडाला हळूहळू विरघळण्याचा संदेश देतं आणि वाट मोकळी होते. शेवटी दातावरचा पातळ पडदा हिरडीच्या पडद्याशी एकजीव होतो आणि त्यातून दाताचं टोक बाहेर पडतं. म्हणूनच दात येताना सहसा रक्तही येत नाही. हिरडी थोडी सुजते, लाल होते, शिवशिवते. बाळाला काहीतरी चावावंसं वाटतं, ते चिडचिडं होतं. एखाद्या वेळी दात यायच्या जागी निळसर फुगवटा दिसतो, तोही आपोआप जातो. अंगभर ताप चढवणारं, आतडी ढवळून काढणारं यात काहीही नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते अनुभवाचं. “आम्ही चार मुलं वाढवली. चौघांनाही दात येताना जुलाब झाले. आम्ही काय खोटं बोलतोय?” नाही, खोटं बोलत नाही. जुलाब झाले हे खरं, दात आले हेही खरं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ झाली, तर फांदी कावळ्यानं तोडली असं होत नाही.

हिशेब मांडून पाहा. दात वीस. प्रत्येक दाताच्या आगेमागे आठ दिवस धरले तर ते एकशेसाठ दिवस झाले. काही दात जोडीनं येतात, तेव्हा थोडे कमी धरू. हे सगळं घडतं सहाव्या ते तिसाव्या महिन्याच्या दरम्यान, म्हणजे सुमारे सातशेतीस दिवसांत. त्याच दोन वर्षांत मुलाला दर वर्षी सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो आणि आपल्यासारख्या देशात दोन-तीन वेळा जुलाब होतात. या आजारांतले काही दात येण्याच्या दिवसांत पडणारच, नाही पडले तरच नवल. शिवाय आपण आठ दिवसांवर कुठे थांबतो? दात दिसायच्या आधी महिनाभर “येतायत” म्हणतो आणि दिसल्यावर आठवडाभर “आले ना नुकते” म्हणतो. असं मोजलं तर दोन वर्षांतला एकही दिवस दातांवाचून सुटत नाही. प्रत्येक दिवसाला लागू पडणाऱ्या कारणानं एकाही दिवसाचा उलगडा होत नाही.

मग सहाव्या महिन्यापासून मूल सारखं आजारी का पडतं? याला उत्तर आहे, आणि ते दातांपेक्षा कितीतरी ठोस आहे. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारद्रव्यं याच सुमाराला ओसरलेली असतात आणि बाळाची स्वतःची पुरती तयार झालेली नसतात. याच वेळी उष्टावण होतं. आईच्या दुधावर वाढणाऱ्या पोटात पाणी, पेज, वाटी, चमचा आणि भरवणाऱ्या हातांबरोबर जंतूही जायला लागतात. याच वेळी बाळ रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. हिरडी शिवशिवते म्हणून आणखीच घालतं. दाताचा जुलाबाशी संबंध असलाच तर तो एवढाच: जमिनीवरचं खेळणं चावायला तोंडात गेलं आणि त्यावरची घाण पोटात गेली. तिथेही आजार जंतूंचाच आहे आणि उपाय हात धुण्याचा आहे.

या वयातल्या जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे रोटाव्हायरस. तो शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला १९७३ साली, मेलबर्नमध्ये. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबानं आजारी मुलांच्या आतड्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा हा विषाणू दिसला. त्याआधी या जुलाबांना नाव नव्हतं, म्हणून दाताचं नाव चिकटत होतं. आज या विषाणूची लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे दिली जाते. जुलाब दातांमुळे होत असते तर या लसीनं ते कमी झाले नसते.

तापाचीही गोष्ट तशीच. सहा ते अठरा महिन्यांच्या मुलांना एक ठरावीक ताप येतो: तीन-चार दिवस चढा ताप, सर्दी-खोकला फारसा नाही, मग ताप एकदम उतरतो आणि अंगावर गुलाबी पुरळ उमटतं. याला रोझिओला म्हणतात. तो नागीण-कांजिण्यांच्या कुळातल्या एका विषाणूमुळे होतो, हे जपानी संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिलं. “दाताचा ताप” म्हणून सांगितल्या जाणाऱ्या किती कहाण्या याच्याशी हुबेहूब जुळतात पाहा. चार दिवस ताप आला, कारण सापडलं नाही, आपोआप उतरला, आणि तोंडात बोट फिरवून पाहिलं तर कुठेतरी हिरडी टणक लागली. त्या वयात ती कुठे ना कुठे लागणारच.

ज्यांना एवढ्यानं पटत नाही, त्यांच्यासाठी मोजणीही झालेली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या पालकांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या: तापमान किती, शी कशी, झोप कशी, दात कधी दिसला. ४७५ दात उगवल्याची नोंद झाली आणि निष्कर्ष २००० साली छापला गेला. दात येण्याच्या आगेमागे लाळ, चावणं, हिरडी घासणं, चिडचिड, जड अन्न थोडं कमी खाणं, अंग किंचित कोमट लागणं, अशी किरकोळ लक्षणंच वाढलेली आढळली. जुलाब, उलटी, खोकला आणि १०२ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप यांचा दातांशी संबंध लागला नाही. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. यातलं कुठलंही एक लक्षण पस्तीस टक्क्यांहून जास्त बाळांत दिसलं नाही. म्हणजे साध्या चिडचिडीवरूनही “दात येतोय” असं छातीठोकपणे सांगता येत नाही. २०१६ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तिचंही म्हणणं हेच: तापमान जरासं वाढतं, पण त्याला ताप म्हणता येत नाही.

लाळेबद्दलही एक युक्तिवाद ऐकू येतो. लाळ पोटात जाते आणि पोट बिघडतं, असं अनेक जण खात्रीनं सांगतात. बाळाची लाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच गळायला लागते, कारण लाळग्रंथी तेव्हा जोमानं काम करू लागतात आणि सगळी लाळ गिळण्याचं कसब बाळाला अजून आलेलं नसतं. पहिला दात तेव्हा दोन-तीन महिने दूर असतो. लाळेनं जुलाब होत असते तर चौथ्या महिन्यापासून प्रत्येक मुलाला रोजच झाले असते.

आता सर्वांत आदरणीय प्रतिपक्षाकडे येतो. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानात, दात उगवणं हे बालकांच्या सगळ्या रोगांचं कारण सांगितलं आहे. त्यातही ज्वर, जुलाब, खोकला आणि उलटी यांची नावं घेतली आहेत. काश्यपसंहितेत तर दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. याचा आधार घेऊन आजही कुणी म्हणतं, की आपले पूर्वज सांगून गेले ते काय उगीच? त्या काळच्या वैद्यांचं निरीक्षण मला बारीक वाटतं. दात येण्याच्या वयात हे रोग येतात, हे त्यांनी अचूक टिपलं. ग्रीकांनीही टिपलं होतं. जंतू दिसण्याचं साधन नसताना डोळ्यांना दिसणारा एकमेव बदल म्हणजे दात, तेव्हा कारण त्यालाच जोडलं गेलं. अष्टांगहृदयातच पुढे असंही आहे, की दात आल्यावर हे रोग आपोआप शमतात, म्हणून बाळाला उपचारांनी फार जखडू नये. जी मुलं जगली त्यांच्याबाबतीत हे खरंच दिसलं असणार. जी मुलं तोवर जुलाबानं गेली, त्यांचे दात पुढे यायचेच राहिले. ज्या काळात पाण्यातून जंतू जातात हे माहीत नव्हतं त्या काळातला निष्कर्ष आज बाळाच्या उशाशी बसून वापरणं म्हणजे परंपरेचा मान राखणं नाही. निरीक्षण त्यांचं घ्यावं आणि कारण आपण शोधलेलं घ्यावं.

या समजुतीनं किती मुलं मारली याचा इतिहास वाचताना माझा जीव कासावीस होतो. फ्रान्समधले शल्यवैद्य आंब्रोआज पारे यांनी सोळाव्या शतकात मृत बाळाची हिरडी चिरून पाहिली आणि आधीच चिरली असती तर ते वाचलं असतं असं लिहून ठेवलं. पुढची तीनशेहून अधिक वर्षं युरोप-अमेरिकेत तापलेल्या, जुलाबानं निपचित पडलेल्या बाळांच्या हिरड्यांवर सुरी फिरत राहिली. पुढे स्त्रीरोगशास्त्रात मोठं नाव झालेले जे. मॅरियन सिम्स यांचा १८३५ सालचा पहिलाच रुग्ण म्हणजे दक्षिण कॅरोलायनातल्या लँकेस्टर गावातलं दीड वर्षाचं मूल. त्याला जुलाब होत होते आणि सिम्स यांनी त्याच्या हिरड्या चिरल्या. मूल वाचलं नाही. १८३९ साली इंग्लंड-वेल्समध्ये पाच हजारांहून अधिक मृत्यू सरकारी दफ्तरात “दात येणे” या कारणाखाली लिहिले गेले. पाच हजार घरांना खरं कारण कुणी सांगितलंच नाही, आणि पुढच्या वर्षी तेच पाणी, तेच दूध पुढच्या बाळांच्या तोंडी गेलं.

सुरी मागे पडली तेव्हा पुड्या आल्या. ब्रिटनमध्ये दात येण्याच्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, असायचं. बाळांचे हातपाय गुलाबी पडत, कातडी सोलवटे, ती प्रकाशानं कळवळत, भूक मरे. या आजाराला गुलाबी रोग म्हणत आणि कित्येक वर्षं त्याचं कारण कळत नव्हतं. १९४८ मध्ये पाऱ्याशी त्याचा संबंध उघड झाला, १९५४ मध्ये पुड्यांतून पारा काढला गेला, आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. मुलं दातांनी मरत नव्हती, दातांच्या औषधानं मरत होती.

हे जुनं झालं असं म्हणायची सोय नाही. नायजेरियात २००८-०९ मध्ये दात येतानाच्या त्रासावरचं एक गोड सिरप पाजल्यामुळे ऐंशीहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष मिसळलेलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठीची बेन्झोकेनची हिरडीवर लावायची मलमं बाजारातून काढायला सांगितली, कारण त्यानं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोक्यात येते. सॅलिसिलेट असलेलं तोंडात लावायचं जेल सोळा वर्षांखालील मुलांना वापरू नये, असं ब्रिटननं २००९ मध्ये ठरवलं. आपल्याकडच्या दुकानांत असं जेल चिठ्ठीशिवाय हातावर ठेवलं जातं. आणि घरच्या उपायांचं काय? टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायला सांगतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध-बोरॅक्स लावलेल्या चोखणीमुळे बाळांना आकडी आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये, त्यातून बॉटुलिझमचा धोका असतो. हिरडी शिवशिवत असेल तर स्वच्छ धुतलेलं बोट हलकेच फिरवावं, थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं चावायला द्यावं. याहून जास्त कशाचीच गरज नसते.

“पण नुसतं ‘दात येतायत’ म्हटलं तर बिघडतं काय? औषध थोडंच देतोय आम्ही?” हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण खरं नुकसान इथेच होतं. बिघडतं ते असं, की दिवस हातचे जातात. आठ-नऊ किलोच्या बाळाला दिवसातून आठ-दहा पातळ जुलाब झाले तर संध्याकाळपर्यंत अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतं. टाळू खोल जाते, डोळे आत जातात, रडताना पाणी येत नाही, चिमटीत धरलेली कातडी हळूहळू परतते, लघवी थांबते. याचा उपाय आपल्याच उपखंडात सिद्ध झाला आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांच्या मापातल्या मिश्रणानं पटकीच्या साथीतला मृत्युदर सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणला. आज ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे, अंगणवाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. सोबत चौदा दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात. इतका स्वस्त, इतका खात्रीचा उपाय हाताशी असताना तो दिला जात नाही, कारण घरानं आजाराला आजारच मानलेलं नसतं. दाताचे जुलाब थांबवू नयेत, ते बाहेर पडू द्यावेत, असंही सांगणारे भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो: बाहेर पडतं ते पाणी आणि क्षार, आणि ते परत भरले नाहीत तर मूल जातं.

तापाच्या बाबतीतही असंच. लहान बाळाला सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप चढा आहे, तर लघवीची तपासणी आधी करायला हवी. मूत्रमार्गाचा संसर्ग या वयात याशिवाय कळत नाही आणि दडून राहिला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण ठेवू शकतो. कान ओढण्याच्या मागे कानातला पू असू शकतो. लाळ, ताप, लाल हिरड्या आणि दूध तोंडाला लावू न देणं हे सगळं एकत्र दिसलं की घरातले खात्रीनं दाताकडे बोट दाखवतात. पण तोंडात बारीक फोड असतील तर ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची तोंडातली लागण असू शकते आणि बाळ पाणीही पीत नाही म्हणून शोष पडतो. माती खाणाऱ्या मुलाचंही तसंच. “दात शिवशिवतात म्हणून खातो” असं म्हणून सोडून देतात, पण माती खाण्यामागे रक्तक्षय असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची सदुसष्ट टक्के भारतीय मुलं रक्तक्षयाची निघाली. माती खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन न तपासता त्याला चावायला खेळणं देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

दात उशिरा येण्याचंही भांडवल होतं. वर्षाच्या मुलाला एकही दात नाही म्हटल्यावर कॅल्शियमची बाटली घरात येते. दाताची वेळ मुख्यतः आईबापांकडून आलेली असते, आणि दात तर केव्हाच जबड्यात तयार आहेत. बाटलीनं ते लवकर वर येत नाहीत. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही, किंवा सोबत मूल उशिरा बसतंय, वाढ खुंटलीय, टाळू उशिरापर्यंत उघडी आहे, तर थायरॉइड आणि मुडदूस तपासायला हवा. तो तपास कॅल्शियमची बाटली पाजत थांबल्यामुळे लांबतो, हे वाईट.

बालरोगतज्ज्ञांना माझं एक स्पष्ट सांगणं आहे. ओपीडीत पन्नास पेशंट रांगेत असताना “दात येतायत” म्हटलं की आई निघून जाते, हे मला कळतं. पण ती पुढच्या वेळी येतच नाही, कारण तुम्हीच तिला सांगितलंय की हे असंच असतं. “विषाणूचा ताप आहे, तीन दिवसांत उतरायला हवा, लघवी कमी झाली किंवा बाळ सुस्त झालं तर लगेच आणा,” हे म्हणायला तेवढाच वेळ लागतो. औषधाच्या दुकानदारानंही दाताचं औषध मागणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: ताप किती आहे आणि आज जुलाब किती झाले. ताप १००.४ च्या वर असेल किंवा जुलाब पातळ आणि वारंवार होत असतील, तर बाटली कपाटातच ठेवावी, ओआरएसचं पाकीट हातात द्यावं आणि दवाखान्याचा रस्ता दाखवावा.